दुसऱ्या भेटीत काय घडलं: केमिस्ट्रीच्या एका विद्यार्थिनीचा प्रकरण अभ्यास

ठाण्यातल्या आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र विभाग दर वर्षी एखाद्या माजी विद्यार्थ्याला बोलावतो. असंच एक व्याख्यान झालं आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने पुढे काय करायचं ते ठरवलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की व्याख्यान ऐकून तिला प्रेरणा मिळाली. मी या विभागात शिकवते आणि हे सगळं जवळून पाहिलं आहे. माझ्या मते व्याख्यानाचा वाटा फार थोडा होता. खरं काम पुढच्या भेटीत झालं, आणि तेही व्याख्यान देणाऱ्या माजी विद्यार्थिनीच्या यशामुळे झालं नाही. त्यांच्या रोजच्या कामाचा धागा मुलीला स्वतःच्या घराशी जोडता आला, म्हणून झालं. हा धागा कसा जुळला ते पुढे सविस्तर लिहिते. दोघींना विचारून लिहिते आहे, पण नावं दिलेली नाहीत. मुलीला विद्यार्थिनी म्हणेन, आणि माजी विद्यार्थिनीला ती मुलगी म्हणते तसंच ‘ताई’.

घर

विद्यार्थिनी कोपरखैरणेला राहते. वडील वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीत, फळ मार्केटला माथाडी कामगार आहेत. गाव सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यात. कोपरखैरणे आणि घणसोलीच्या माथाडी वसाहतींत सातारा, सांगली, पुण्याकडची अशी हजारो कुटुंबं आहेत. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे आले. कांदा-बटाटा १९८१ साली आला, फळं आणि भाजी १९९६ साली. बाजारामागून कामगारांच्या टोळ्या आल्या, टोळ्यांमागून बिऱ्हाडं. विद्यार्थिनीचे आजोबा भायखळ्याच्या मंडईत ओझी वाहायचे. वडिलांनी ऐन तारुण्यात वाशीचा गाळा धरला.

माथाडी म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे फक्त डोक्यावरचं ओझं येतं. त्यामागची व्यवस्था कोणाला फारशी माहीत नसते. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यानुसार कामगाराची नोंदणी माथाडी मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी मंडळात भरतो, त्यावर लेव्ही म्हणजे ठरलेली जादा रक्कम भरतो, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा, औषधोपचार असे हक्क मिळतात. टोळी असते, टोळीला मुकादम असतो. कष्ट हाडं मोडणारे आहेत, पण कमाई नियमित आहे आणि कायद्याचं संरक्षण आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे वडिलांनी जो प्रश्न विचारला तो याच नियमित कमाईतून आला होता.

विद्यार्थिनीने बारावी सायन्स केलं. ‘नीट’चे मार्क पडले नाहीत. फार्मसीची फी घरच्यांना झेपली नसती, म्हणून बीएस्सी. घरात बारावीच्या पुढे शिकणारी ती पहिलीच. वस्तीत तिच्या वयाच्या मुलामुलींपुढे तीन रस्ते ठरलेले होते: पोलीस भरती, बँकेची परीक्षा आणि एमपीएससी. चुलतभाऊ पहाटे मैदानावर धावायला जायचा. शेजारची मुलगी बँकिंगच्या क्लासला जायची. विद्यार्थिनीनेही ‘ग्रॅज्युएशन पूर्ण झालं की बँकिंग’ असं ठरवून टाकलं होतं. त्यामुळे बीएस्सीचा विषय कोणता याला तिच्या लेखी फारसा अर्थ नव्हता. पदवी हातात पडली की झालं.

प्रॅक्टिकलला मात्र तिचा हात वेगळा दिसायचा. टायट्रेशन करताना, म्हणजे रंग बदलेपर्यंत एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडताना, डाव्या हाताने ब्युरेटचा (उभ्या मोजनळीचा) कॉक धरायचा आणि उजव्या हाताने फ्लास्क फिरवत राहायचं, हे आम्ही पहिल्या सत्रापासून शिकवतो. बहुतेक मुलं शेवटच्या थेंबापाशी घाई करतात आणि रंग गडद होऊन जातो. ही मुलगी शेवटच्या अर्ध्या मिलिलिटरला कॉक जेमतेम सैल करायची. टोकाला लटकलेला अर्धा थेंब फ्लास्कच्या काचेला टेकवून घ्यायची आणि वॉश बॉटलने आत उतरवायची. तिची तीन रीडिंग एकमेकांशी जुळायची. थिअरीत फिजिकल केमिस्ट्री तिला जड जायचं. दुसऱ्या सत्रात त्याच पेपरला केटी लागली होती, ती तिने तिसऱ्या सत्रात सोडवली.

व्याख्यान

ताई आमच्याच विभागाच्या. बालपण कळव्यात गेलं. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते आणि तो कारखाना पुढे बंद पडला. बीएस्सी आमच्याकडे, एमएस्सी मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात, ॲनालिटिकल केमिस्ट्रीत. आता नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत कीटकनाशकांचे अंश तपासणारा विभाग त्या सांभाळतात. एफएसएसएआय या देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेची फूड ॲनालिस्टची (अन्नाच्या नमुन्यांच्या अधिकृत तपासनिसाची) परीक्षाही त्या उत्तीर्ण आहेत.

व्याख्यान चांगलं झालं. स्लाइड नेटक्या होत्या, बोलणं आपुलकीचं होतं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रश्नोत्तरांत एका मुलाने पगार विचारला, एकीने परदेशात संधी आहेत का ते विचारलं. आमची विद्यार्थिनी मागच्या बाकावर बसली होती. तिने काहीच विचारलं नाही. त्या दिवशी काय वाटलं, असं पुढे कधीतरी मी विचारलं तेव्हा म्हणाली, “मॅडम, भारी वाटलं. पण त्या हुशार होत्या म्हणून त्यांचं झालं, एवढंच डोक्यात आलं.” माझ्या अनुभवात अशा व्याख्यानांनंतर बहुतेक मुलांची हीच गत होते. यशस्वी माणूस जितका मोठा, तितका तो मुलांना परका वाटतो. शेवटचं पद दिसतं. तिथवर पोचायला काय काय करावं लागलं ते दिसत नाही.

पण एक स्लाइड तिच्या लक्षात राहिली. प्रयोगशाळेत तपासणीला आलेल्या द्राक्षांच्या पेटीचा फोटो होता. पुठ्ठ्याची पेटी आणि तिच्या बाजूला मार्करने मोठ्या अक्षरात घातलेली खूण. गाळ्यावर माल उतरवताना कोणाचा माल कुठे लावायचा ते कळावं म्हणून अशा खुणा घालतात. वडिलांच्या डब्याबरोबर लहानपणापासून मार्केटला गेलेल्या मुलीने त्या बरोबर ओळखल्या. व्याख्यान संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि एवढंच विचारलं, “मॅडम, ती पेटी आमच्या मार्केटची होती का?”

या प्रश्नातला ‘आमच्या’ हा शब्द मी धरून ठेवला. ताई अजून स्टाफरूममध्येच होत्या. मी त्यांना तो प्रश्न सांगितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तिला घेऊन या लॅबमध्ये. एकटीला नको, दोन-चार जण या.”

लॅबमध्ये

चार विद्यार्थी आणि मी गेलो. ताईंनी आधी मोठी यंत्रं दाखवलीच नाहीत. नमुना तयार करण्याच्या खोलीत नेलं, ॲप्रन आणि चष्मे दिले आणि म्हणाल्या, “या लॅबमधली माझी पहिली दोन वर्षं इथे गेली.”

काम असं चालतं. द्राक्षं बारीक करून त्यांचा एकजीव लगदा करतात. त्यातला १० ग्रॅम नळीत घेतात. त्यावर १० मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल हे द्रावक टाकून जोरात हलवतात, मग ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ घालून पुन्हा हलवतात. या पद्धतीला ‘क्वेचर्स’ म्हणतात. ती २००३ साली प्रसिद्ध झाली आणि आता जगभर फळं-भाज्यांच्या तपासणीत वापरतात. नळी सेंट्रिफ्यूज या वेगाने गरगरणाऱ्या यंत्रात फिरवली की खाली लगदा आणि पाणी राहतं, वर ॲसिटोनायट्राइलचा स्वच्छ थर येतो. लगद्यातली कीटकनाशकं त्या थरात उतरलेली असतात.

ताईंनी क्षार घातलेली नळी विद्यार्थिनीच्या हातात दिली. ती हलवता हलवता थांबली. “ताई, ही गरम झाली!” निर्जल मॅग्नेशियम सल्फेट पाणी शोषतं तेव्हा उष्णता बाहेर पडते, त्यामुळे नळी कोमट लागते. आम्ही हे फळ्यावर शिकवलेलं असतं. हाताला ऊब लागल्यावर ते वेगळंच कळतं.

तिच्या पुढच्या प्रश्नाने मला ती मुलगी नव्याने दिसली. “पण ॲसिटोनायट्राइल तर पाण्यात मिसळतं ना? मग थर वेगळे कसे झाले?” बरोबरची मुलं वरचा थर बघत होती, ती मात्र थर का झाला ते विचारत होती. ताई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या आणि कागद पुढे घेतला. क्षार पाण्याला धरून ठेवतात, त्या पाण्यात ॲसिटोनायट्राइलला जागा उरत नाही आणि ते वेगळं होतं. मग एखादं कीटकनाशक कोणत्या थरात किती जाईल? इथे ताईंनी कागदावर लिहिलेलं सूत्र नेर्न्स्टच्या वितरण नियमाचं होतं. विद्यार्थिनीला केटी लागली त्याच पेपरमधलं. तिने ते ओळखलं आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही.

मग आकड्यांचा विषय निघाला. युरोपात एखाद्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल तर सर्वसाधारण मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. ताईंनी विचारलं, “दहा टनांची गाडी उतरली, तर त्या सगळ्या मालात मिळून किती चालेल?” विद्यार्थिनीने तोंडी हिशेब केला, १०० मिलिग्रॅम. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “पप्पांची टोळी अख्खी रात्र उतरवते तेवढ्या मालात एवढंच.” डोक्यावरून वाहिलेल्या ओझ्याला आणि प्रयोगशाळेतल्या दशांशाला एका वाक्यात आणणारं माणूस त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ताईंना ते कळलं, आणि त्यांनी तिला तिथेच तसं सांगितलं.

ताईंनी स्वतः या कामाकडे वळण्याचं कारणही त्याच दिवशी सांगितलं. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात आणि वेलीची वाढ आवरायला वापरतात. आपल्याकडे निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत ते नव्हतंच. माल परक्या बंदरात अडकला आणि महाराष्ट्रातल्या बागाईतदारांना मोठा फटका बसला. ताई तेव्हा शिकत होत्या. त्यांच्या ओळखीचं एकही घर त्यात पोळलं नव्हतं, पण यादीत एक नाव नसल्यामुळे एवढं होऊ शकतं ही गोष्ट त्यांच्या मनातून जाईना.

शेवटी ताईंनी एक जुनी फाइल काढली. माझ्या मते ही फाइलच या प्रकरणातली सर्वांत मोलाची वस्तू आहे. बीएस्सीच्या सहाही सत्रांच्या गुणपत्रिका, एमएस्सी प्रवेशाच्या यादीतला स्वतःचा खालचा क्रमांक, पहिल्या नोकरीचं पत्र, तीन वर्षांचे अनुभवाचे दाखले आणि परीक्षेचा निकाल. एकेक कागद त्यांनी मुलांच्या हातात दिला. फूड ॲनालिस्ट व्हायला रसायनशास्त्रासारख्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते, अन्न तपासणीचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो आणि मग एफएसएसएआयची परीक्षा द्यावी लागते. हे व्याख्यानातही सांगितलं होतं. पण तेव्हा ती एक ओळ होती, आता तो कागदांचा गठ्ठा झाला. मधली वर्षं कशी गेली, कोणत्या वर्षी हातात किती पैसे आले, कोणत्या वर्षी काहीच पुढे सरकलं नाही, ते त्यात दिसत होतं. एका गुणपत्रिकेवर फिजिकल केमिस्ट्रीपुढे जेमतेम पास होण्याइतके गुण होते. विद्यार्थिनीने त्यावर बोट ठेवलं, काही बोलली नाही, वहीत तारखा उतरवत राहिली.

वडिलांचा प्रश्न

आठवड्याभरात तिने घरी सांगितलं की बँकिंगचा क्लास नको, एमएस्सी करायची आहे. वडील कॉलेजला आले. रात्रभर माल उतरवून, घरी न जाता, थेट सकाळच्या ट्रान्स-हार्बरच्या गाडीने. डोळे लाल होते. खुर्चीवर बसायलाच तयार नव्हते.

त्यांचा प्रश्न सरळ होता. “मॅडम, पोरगी म्हणती, लॅबमध्ये सुरुवातीला जो पगार मिळतो तो माझ्या कमाईपेक्षा कमी असतो. दोन वर्षं आणखी शिकायचं, आणि मग माझ्याएवढंबी नाही? मग मी ह्यासाठी पाट्या वाहिल्या का?”

ताईंनी लॅबमध्ये पहिल्या पगाराचा खरा आकडा सांगितला होता, आणि मुलीने तो घरी जसाच्या तसा सांगितला होता. कोणी म्हणेल, आकडा झाकला असता तर बरं झालं असतं. मला ते पटत नाही. प्रश्न रास्त होता आणि उत्तर देणाऱ्यालाच तो विचारला जायला हवा होता. मी त्यांना तिथे पटवायचा प्रयत्न केला नाही. ताईंना फोन लावला आणि त्यांच्याकडे दिला.

ताईंनी आकड्यांचं उत्तर आकड्यांनीच दिलं. पहिली दोन वर्षं पगार कमी, तिसऱ्या वर्षापासून हळूहळू फरक पडतो, परीक्षा पास झाल्यावर अहवालावरच्या सहीला किंमत येते. आणि परीक्षा सगळ्यांनाच पास होता येते असं नाही, हेही सांगितलं. मग त्यांनी वडिलांना एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते इथे सगळं फिरलं. “दादा, मला एक सांगा. एका गाडीत किती बागांचा माल असतो? आम्ही नमुना घेतो तेव्हा आम्हाला ते कधीच नीट कळत नाही.”

वडील बसले. आणि बोलत सुटले. एका गाडीत तीन-चार बागांचा माल येतो. पेट्या कशा लावतात, कोणाचा माल आधी उतरतो, खुणा कोण घालतं आणि त्या कधी पुसल्या जातात. शेवटी म्हणाले, “वरची ओळ बघून माल घेणारा फसतो, ताई. वर नेहमी गोमटा माल असतो.”

प्रयोगशाळेच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नाही. नमुनाच चुकला तर पुढचं यंत्र कितीही महाग असलं तरी निकाल चुकतो. नमुना कसा घ्यायचा याचे कोडेक्सचे, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय निकषांचे, नियम आहेत. माल ५०० किलोंच्या वर असेल तर किमान १० ठिकाणांहून घ्यायचा, मोठ्या आकाराच्या फळांचा किंवा द्राक्षांच्या घडांचा नमुना किमान २ किलोंचा आणि निदान ५ नगांचा हवा. पण हे नियम एक ‘लॉट’ म्हणजे एकसारखा माल असं गृहीत धरतात. एका गाडीत चार बागा असतील तर तिथे चार लॉट झाले. कोणत्या पेट्या कोणत्या बागेच्या, हे टोळीतला माणूस सांगू शकतो. कागदावर ते बहुधा नसतं.

पुढच्या महिन्यात ताई एपीएमसीत आल्या. रात्री फळ मार्केटला, वडिलांच्या गाळ्यावर, विद्यार्थिनीला बरोबर घेऊन. वडिलांनी पेट्यांची थप्पी उलगडून दाखवली. मुकादमही येऊन उभा राहिला, आपली माहिती सांगू लागला. विद्यार्थिनी लिहून घेत होती. बाप माल दाखवतो आहे, शिकलेली बाई त्याला विचारते आहे आणि मुलगी दोघांच्या मध्ये उभी राहून दोघांचे शब्द एका कागदावर उतरवते आहे. मी तिथे नव्हते, हे तिने मला सांगितलं. घरी जाताना वडील एवढंच म्हणाले, “दोन वर्षं देतो. नापास व्हायचं नाही.”

प्रकल्प

नव्या शैक्षणिक धोरणानुसार दुसऱ्या वर्षाला फील्ड प्रोजेक्ट असतो. आमच्याकडे बरीच मुलं ते काम उरकतात. तिने विषय घेतला: घाऊक बाजारात द्राक्षांचा नमुना घेताना लॉट कसा ओळखावा. प्रयोगशाळेत एकही चाचणी नव्हती. गाडी येते तिथपासून पेटी गाळ्यावरून सुटते तिथपर्यंत माल कुठे कुठे मिसळतो ते तिने आकृती काढून दाखवलं. कोडेक्सच्या नियमांतली कोणती अट कोणत्या ठिकाणी पाळता येते आणि कुठे अडचण येते तेही लिहिलं. शब्दांची यादी दिली: गाळा, थप्पी, वाराई, खूण. प्रत्येक शब्दापुढे नमुना घेणाऱ्याला त्याचा उपयोग काय, ते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “हे सगळं कुठून मिळालं?” ती म्हणाली, “पप्पांकडून.” परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारायच्या आधी तिच्या आकृतीचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

फिजिकल केमिस्ट्रीच्या गुणांतही फरक पडला. चमत्कार म्हणावा इतका नाही, पण वितरण नियम, अधिशोषण, क्रोमॅटोग्राफी या भागांत ती आता वर्गात हात वर करते. सूत्रामागची नळी तिला दिसते, म्हणून सूत्र पाठ करावं लागत नाही.

बाकीचे तिघे

एक गोष्ट लपवून चालणार नाही. लॅबमध्ये चौघे गेले होते. दुसऱ्या मुलाने परत येतानाच सांगितलं की दिवसभर बंद खोलीत नळ्या हलवणं आपल्याच्याने होणार नाही. तो आता एमपीएससीच्या मागे आहे, मनापासून. मी ही भेट त्याच्यासाठीही यशस्वी मानते. एक रस्ता बघून, हाताळून त्याने सोडला. तिसऱ्या मुलीवर काहीच परिणाम झाला नाही, असं ती स्वतःच सांगते. चौथा औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलकडे वळला. रबाळे-महापे पट्ट्यात त्या नोकऱ्या आहेत, आणि ताईंनीही सुरुवात तिथूनच केली होती.

तेव्हा एकाच माणसाची भेट सगळ्यांवर सारखी काम करत नाही. आमच्या विद्यार्थिनीवर तिचा परिणाम झाला त्याचं मोठं कारण म्हणजे द्राक्षाची पेटी. ताई औषधांच्या क्षेत्रातच राहिल्या असत्या तर कदाचित हे घडलं नसतं. माजी विद्यार्थी निवडताना आम्ही आतापर्यंत पद बघत होतो. आता त्यांचं काम आणि आमच्या मुलांची घरं कुठे भेटतात तेही बघतो. ठाणे-नवी मुंबईत हे अवघड नाही. इथे मुलांच्या घरी कोणी एपीएमसीत असतं, कोणी एमआयडीसीत, कोणी खाडीवर मासेमारी करतं, कोणी रेल्वेत. रसायनशास्त्र यातल्या प्रत्येक ठिकाणी पोचतं. शिकवणाऱ्यांनी ते मुलांना दाखवायचं असतं, आणि त्यासाठी मुलांची घरं आधी आपल्याला माहीत असावी लागतात.

आणखी एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. ताईंनी जर फक्त पद सांगितलं असतं आणि गुणपत्रिका झाकून ठेवली असती, तर ‘त्या हुशार होत्या म्हणून झालं’ हे विद्यार्थिनीचं पहिलं मत तसंच राहिलं असतं. स्वतःचे कमी गुण, कमी पगार, अडलेली वर्षं मुलांसमोर ठेवायला मन मोठं लागतं. सगळ्यांकडे ते नसतं. काही माजी विद्यार्थी स्वतःच्या यशाची गोष्ट इतक्या वेळा सांगून बसलेले असतात की त्यांच्या तोंडून मधली पानं गळून गेलेली असतात. अशांना बोलावूच नये असं नाही, पण त्यांना आधी भेटून विचारावं, “पहिल्या नोकरीचं पत्र आणाल का?”

आणि पालकांना या सगळ्यात आणायलाच हवं. वडिलांना कोणी समजावलं नाही. ताईंनी त्यांच्याकडून शिकायचं काही आहे हे मानलं, आणि ते खरंच होतं. खोट्या मानाने ते साधलं नसतं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला कोणी गोड बोलतं आहे की गरजेने विचारतं आहे, हे लगेच कळतं.

आज

विद्यार्थिनी आता तिसऱ्या वर्षात आहे. कलिन्याची एमएस्सी हे तिचं पहिलं उद्दिष्ट. आयआयटींच्या एमएस्सी प्रवेशासाठी असलेल्या ‘जॅम’ परीक्षेचा फॉर्मही भरायचा विचार आहे. ताईंचं म्हणणं, भरायला काय हरकत आहे. कोपरखैरण्याहून कलिन्याला जाणं-येणं, फी, धाकट्या भावाची बारावी हे प्रश्न आहेत तिथेच आहेत. वडिलांच्या गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली आहे, आणि ‘दोन वर्षं’ या शब्दाचा अर्थ त्या घरात रोज नव्याने मोजला जातो. पदवीनंतर आधी वर्षभर लॅबमध्ये काम करून मग एमएस्सी करावी का, यावर ताई आणि माझं एकमत नाही. ताईंना वाटतं आधी काम, म्हणजे घरात थोडे पैसे येतील. मला वाटतं एकदा शिक्षण सुटलं की परत धरणं मुलींना फार जड जातं. निर्णय तिचा आहे. दोन्ही बाजूंचे कागद तिच्याकडे आहेत.

विभागात आता व्याख्यान अर्ध्या तासाचं असतं आणि कामाच्या जागेची भेट ठरल्याशिवाय व्याख्यानाची तारीख ठरत नाही. या वर्षी पाणी शुद्धीकरणात काम करणारा एक माजी विद्यार्थी येतो आहे. नवी मुंबईला मोरबे धरणातून पाणी येतं, त्या पाण्याच्या रोजच्या तपासण्यांबद्दल तो बोलणार आहे. त्याला आधीच पाठवायचे प्रश्न तयार करण्याचं काम आमच्या विद्यार्थिनीने मागून घेतलं. यादीतला पहिला प्रश्न तिने असा लिहिला आहे: पहिल्या महिन्यात तुम्हाला नेमकं काय करायला दिलं होतं?